सात नंबरच्या खोलीतला एसी

मी सात नंबरच्या खोलीतला एसी बोलतोय. बोलतोय एवढंच, गार करणं केव्हाच सोडलं.

नवा होतो तेव्हा पेशंट माझ्यापायी दुसरं पांघरूण मागायचे. मग माझा गॅस गळला. मेकॅनिक आला, त्याने माझं पोट उघडलं, "पार्ट मागवावा लागेल," म्हणाला आणि गेला तो गेलाच. बाहेरच्या पेटीत कबुतरांनी संसार थाटला. खोलीचं भाडं मात्र एसीचंच राहिलं. नर्स बिचाऱ्या दिवसभर पळून दमतात आणि मी नुसता भिंतीला चिकटून त्यांच्याहून जास्त कमावतो. लाज वाटते हो, पण सांगू कोणाला?

मागच्या आठवड्यात एक आजोबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले. सोबत आजी, निवृत्त शिक्षिका. आल्या आल्या त्यांनी माझी तक्रार केली. "बघतो," असं उत्तर मिळालं. मग त्या एक्स-रेच्या पाकिटाने नवऱ्याला वारा घालत बसल्या.

"अगं, हात दुखेल तुझा."

"तुम्ही तुमचा पाय सांभाळा."

घरी जायच्या दिवशी बिल आलं. त्यात मी होतोच, चांगला ठसठशीत. आजींचा चेहरा उतरला. आजोबांना पुन्हा चालतं करायला घरी फिजिओथेरपिस्ट येणार होती. तिच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्यावर खर्च होणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी बिलिंगच्या साहेबांना वर बोलावलं. "यांना खाली उतरवत नाही. जरा इथेच बसून समजावून सांगा ना." साहेब येण्याआधी आजींनी खिडकी लावून घेतली होती.

साहेब बसले. आजी कापसाच्या बोळ्यापासून एकेक ओळ विचारत गेल्या. साहेबांनी टाय सैल केला. मग रुमाल काढला. तोही भिजल्यावर त्यांनी रिमोट उचलून माझ्यावर रोखला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"हा चालत नाही वाटतं."

"असं कसं होईल?" आजी म्हणाल्या. "बिलात तर चालू आहे."

आजोबा खोकल्याचं निमित्त करून हसले. साहेबांनी पेन काढलं आणि माझी ओळ खोडली. जन्मात इतकं गार मला कधी वाटलं नव्हतं.

जाता जाता आजींनी फळ्यावरच्यासारख्या टपोऱ्या अक्षरात "बंद आहे" लिहून तो कागद माझ्या छातीवर चिकटवला. संध्याकाळी कोणीतरी तो काढून टाकला.

आता दारात नवा पेशंट आलाय. सोबत त्याची बहीण आहे. ती पिशव्या लावतेय, पाण्याचा जग शोधतेय. ताई, ते सगळं राहू द्या. आधी तो रिमोट उचला.