सदुसष्ट भोकांची भिंत

मित्रांनो, माझ्यासमोर रोज शे-दीडशे माणसं उभी राहतात, पण माझ्याकडे कुणी बघत नाही. सगळे बघतात ते माझ्यावर टांगलेल्या चित्राकडे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एका कलासंग्रहालयाच्या दुसऱ्या दालनातली जुनी भिंत आहे. बेचाळीस फूट लांब, चौदा फूट उंच, दीड फूट जाड.

एवढी जाडी चित्रांसाठी नव्हे, बर्फासाठी. मला बांधलं तेव्हा इथे बर्फाचा कारखाना होता. गारवा टिकावा म्हणून गवंड्याने विटांच्या दोन रांगांमध्ये लाकडाचा भुसा ठासून भरला. तीस वर्षं मी ओलीच होते. मग कारखाना बंद पडला आणि अकरा वर्षं कबुतरांशिवाय कुणी इकडे फिरकलं नाही. माझे पोपडे सुटले, एका कोपऱ्यात पिंपळ उगवला.

नंतर संग्रहालय आलं. त्याचा नियम एकच: याच भागात जन्मलेल्या किंवा इथे राहून काम करणाऱ्या कलावंतांचं काम मांडायचं. मोठी, गाजलेली नावं इथे लागत नाहीत. त्यामुळे माझ्यावर टांगली गेली ती शाळामास्तरांची चित्रं, एका परिचारिकेने जखमेच्या पट्ट्यांच्या कापडावर केलेलं भरतकाम, कुंभारबाईंची मातीची ताटं. बहुतेकांचं काम घराबाहेर पहिल्यांदाच लागत होतं. चित्र टांगून झाल्यावर मागे सरून बघणारे ते चेहरे मला पाठ आहेत.

प्रदर्शन संपलं की खिळे निघत आणि पुट्टीमामा येत. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव वेगळं आहे, पण ते कुणाला आठवत नाही. अठरा वर्षं त्यांनी माझं एकेक भोक पुट्टीने बुजवलं, पॉलिश पेपरने घासलं, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मग ते पहारेकऱ्याला बोलवत.

"फिरव हात. कळतंय कुठे भोक होतं ते?"

"नाही बुवा. गालावरून हात फिरवल्यासारखं वाटतंय."

"तुझ्या गालाचं नाव नको काढू. तो घासायला माझ्याकडचा जाड कागद लागेल."

मामांच्या हाताखाली मी गुळगुळीत होई. खरं सांगते, मला ते आवडायचं.

गेल्या वर्षी संचालक मॅडमनी एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना हे दालन दिलं. त्यांचं हे पहिलंच प्रदर्शन. बाई आल्या त्या रिकाम्या हाताने, बरोबर फक्त पेन्सिली. आधीचं प्रदर्शन नुकतंच उतरलं होतं आणि माझ्या अंगावर सदुसष्ट भोकं उघडी होती. बाई म्हणाल्या, "ही बुजवू नका. माझं काम हेच आहे." नऊ दिवस शाळा सुटल्यावर येऊन त्यांनी प्रत्येक भोकाभोवती बारीक, एकात एक वर्तुळं काढली, झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखी. जिथे चित्र होतं आणि आता नाही, ती जागा दिसावी म्हणून. माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी असं बघत होतं.

सगळ्यांना सूचना गेली: भिंतीला हात लावायचा नाही. सगळ्यांना, म्हणजे मामा सोडून. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते.

उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं. मामा रजा संपायच्या आधीच, त्याच दिवशी सकाळी सात वाजता हजर झाले. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. माझ्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"पंधरा दिवस मी नाही, तर हिची ही दशा. वर कुणीतरी पेन्सिलीने गिरगटून ठेवलंय."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पहारेकरी "आलात का मामा" म्हणून पुढे गेला. मॅडम फोनवर बोलत दालनातून गेल्या. उद्घाटनाच्या दिवशी मामा शिडीवर असायचेच. अठरा वर्षांच्या सवयीने कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. अकरा वाजता मी पांढरीशुभ्र होते.

बारा वाजता बाई आल्या. दारातच थांबल्या.

"कसं झालंय, बाई?" मामांनी शिडीवरूनच हौसेने विचारलं. "तुमची चित्रं आणा आता."

बाई खाली बसल्या. मागून आलेल्या मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काय झालं ते सांगितलं, तेव्हा मामा एकेक पायरी उतरले आणि शिडी धरून उभे राहिले.

"भोकं हेच चित्र?" ते म्हणाले. "मला कुणी बोललं नाही हो."

"प्रदर्शन पुढे ढकलू या," मॅडम म्हणाल्या.

"कधी? पुढची दोन वर्षं दालन भरलेलं आहे, तुम्हीच सांगितलंत," बाई म्हणाल्या.

"मी पाडून देतो भोकं. ड्रिल आणतो," मामा म्हणाले.

"नको, मामा. नवी पाडली तर ती खोटी होतील. तिथे कुणाचंच काही टांगलेलं नव्हतं."

मामांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी पहारेकऱ्याची टॉर्च मागितली आणि दिवे घालवायला लावले. टॉर्च माझ्या अंगाला चिकटवून त्यांनी उजेड आडवा सोडला. मी दिसायला सपाट होते, पण ओली पुट्टी वाळताना किंचित आत बसते. त्या उजेडात प्रत्येक भोकाची सावली उमटली.

"पुट्टी आत अजून मऊ आहे. टोच्याने उकरली तर हीच भोकं निघतील. नवी नाहीत, बाई. तुमचीच."

बाई उठल्या. मामा उकरत गेले, बाई मागोमाग वर्तुळं काढत गेल्या, आता प्रत्येक भोकाभोवती एकेकच. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला.

"मामा, हे खोलगट दिसतंय ते कुठलं? हे माझ्या सदुसष्टात नव्हतं."

"ते जुनं. मीच बुजवलेलं. इथे कुंभारबाईंची ताटं होती, दोन-दोन खिळे लागले. वर ते मास्तरांचं. वाकडं टांगलं म्हणून तीनदा ठोकायला लावलं त्यांनी. असली माझ्याकडे दोनशेच्या वर निघतील."

"सगळी आठवतात?"

"बुजवलीत मी. आठवणार नाहीत?"

बाईंनी त्या जुन्या जागांभोवतीही वर्तुळं काढली, पण तुटक रेषेची. ती भोकं त्यांनी उघडली नाहीत.

पाच वाजले तेव्हा सदुसष्टांपैकी एक्केचाळीसच झाली होती. लोक आत आले. मामा पुट्टीने माखलेले, शरमून शिडी उतरू लागले.

"उतरू नका," बाई म्हणाल्या. "सव्वीस राहिलीत."

मग लोकांनी भाषणांसाठी मांडलेल्या खुर्च्यांकडे पाठ फिरवली आणि ते माझ्यासमोर उभे राहिले. मामा जागा सांगत, बाई काढत. गर्दीत दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक आजोबा होते. त्यांचं एकच चित्र एकदाच लागलं होतं, बारा वर्षांपूर्वी. ते पुढे आले.

"माझं खिडकीजवळ होतं," ते हळूच म्हणाले. "असेल का?"

मामांनी टॉर्च तिकडे नेली. "एकच खिळा. निळी होडी. बरोबर?"

आजोबांनी मान हलवली. बाईंनी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. पाट्यांवर सरळ अक्षरं काढणाऱ्या त्या हाताने वर्तुळ पूर्ण केलं.

मित्रांनो, माझी घासपूस करणारे हात वाईट नव्हते. त्यांच्याइतकी काळजी माझी कुणीच घेतली नाही. तुम्हीही घरातलं, शाळेतलं काही जुनं स्वच्छ करायला घ्याल. जरूर करा. फक्त आधी कुणालातरी विचारा, ही खूण कसली आहे. सांगणारं माणूस अजून आसपास असतं.

सव्वा महिन्याने बाईंचं प्रदर्शन उतरलं. मामा डबा घेऊन आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी बाईंना फोन लावला.

"बाई, बुजवू का?"

पलीकडून होकार आला असावा. मामांनी डब्याचं झाकण उघडलं आणि आजोबांच्या वर्तुळापाशी येऊन पुन्हा फोन कानाला लावला.

"आणि त्या आजोबांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"