प्लॅस्टिकवर धरलेला मासा कापणार नाही

बाजारात तिला सगळे कातरी म्हणत. जिभेमुळे की सुरीमुळे, हे तोंडावर विचारायची कुणाची टाप नव्हती. तलावावर गळ टाकून बसणारे हौशी लोक आपले मासे तिच्याच ओट्यावर साफ करून घेत. त्या वर्षी माशांच्या पोटातून मऊ, रंगीत अळ्या निघायला लागल्या. गळाला लावायच्या, प्लॅस्टिकच्या. पाण्यात तुटून पडलेल्या, माशांनी खाणं समजून गिळलेल्या आणि आत फुगून बसलेल्या.

एका मोठ्या माशाच्या पोटात तर मूठभर निघाल्या. दुसरं काहीच नाही. तिने हात धुतले, अळ्या डब्यात भरल्या आणि तडक धाकट्या भावाचं घर गाठलं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तो शेगडीवर पातळ प्लॅस्टिक तापवून साच्यांत ओतत होता. धुराने डोळे चुरचुरत होते.

"तुझा माल परत आणलाय," ती म्हणाली.

"माझाच कशावरून?"

तिने त्यातल्या त्यात कमी फुगलेली अळी उचलून साच्यात ठेवली. दुभंगलेल्या शेपटीसकट ती चपखल बसली.

भावाचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

"पोटं रोज मी फाडते. ये एकदा बघायला."

"बोलायला काय जातंय? दुसऱ्या कशाच्या बनवून दाखव."

"दाखवते. तो कोपऱ्यातला जुना साचा दे."

माशांची कातडी आणि खवले ती रोज टोपलीभर फेकून देत असे. आता ते घरी नेऊन मंद आचेवर शिजवू लागली. गाळून, आटवून चिकट रस साच्यात ओतला. पहिली खेप गळावर लावताच फाटली. दुसरी वाळून खडखडीत झाली. नवरा नाक धरून म्हणाला, "या घरात आता एक तर मी राहीन, नाही तर हे पातेलं."

"पातेलं कामाचं आहे," ती म्हणाली. नवरा हसला आणि खिडकी उघडून तिथेच बसला.

ग्लिसरीन घातल्यावर अळी लवचीक झाली. मधोमध सुती दोरा घातल्यावर गळावर टिकली. थंड पाण्यात ती माशाला भुलवण्याइतका वेळ वळवळे आणि तुटून पडली तर काही दिवसांत कुजून विरघळून जाई.

गळ-दोऱ्या विकणाऱ्या दुकानदाराने अळी दाबून पाहिली. "दोन माशांत फाटेल. फ्रिजमध्ये ठेवावी लागेल. गिऱ्हाइकाला वर्षभर टिकणारी हवी."

"माशाच्या पोटातही वर्षभर टिकते ती. रडगाणं तेच आहे."

"मग तुमची तुम्हीच विका."

तिने विकली. ओट्यावरच बर्फात बरणी ठेवली आणि वर पाटी लावली: प्लॅस्टिकवर धरलेला मासा कापणार नाही.

पहिल्या आठवड्यात निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या ओट्यावर गेली. एकाने तावातावाने विचारलं, "मासा कशावर धरला, याच्याशी तुमचा काय संबंध?"

"आतलं मला उपसावं लागतं. हा संबंध."

बाजाराचा मुकादम पाटी काढायला आला. "लोक तक्रार करतात, बाई."

"ओट्याचं भाडं मी भरते. सुरी माझी आहे. ती कशावर चालवायची, तेही मीच ठरवणार."

मुकादमाने पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि उगाच पलीकडच्या नळाची तपासणी करायला गेला.

हळूहळू काही लोक बरणीतल्या अळ्या नेऊ लागले. "फाटतात हो," ते कुरकुरत. "फाटणारच," ती म्हणे आणि दुसरी देई.

भाऊ मात्र बरेच महिने फिरकला नाही. एके दिवशी सकाळी आला तो एका हातात मासा आणि दुसऱ्या हातात नवाकोरा साचा घेऊन. साच्यात दोऱ्यासाठी बारीक खाच कोरलेली होती.

"तुझा दोरा सरकतो," तो म्हणाला. "बघवत नाही ते काम."

तिने खाचेवरून बोट फिरवलं. काम सुरेख होतं. "आणि तुझी शेगडी? बंद केलीस?"

"नाही अजून."

"मासा कशावर धरलास?"

त्याने नजर चुकवत मासा ओट्यावर ठेवला. तिने साचा ठेवून घेतला आणि मासा न कापता त्याच्याकडे सरकवला.

"सख्ख्या भावालाही नाही?"

"नाही."

"मग सुरी तरी दे."

तिने सुरी दिली. तो ओट्याच्या टोकाला उभा राहिला आणि वेड्यावाकड्या हाताने माशाचं पोट फाडू लागला. तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.