हेस्टरच्या डोक्यात राहिलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना शिवेचा दगड आहे. विलोकूम गावाचं गायरान जिथे संपतं, तिथे एका वाकड्या काटेरी झाडाखाली मी उभा आहे. जेबेझ टर्ल नावाच्या पाथरवटाने मला घडवलं. भारी लहरी माणूस. माझ्या पुढे आलेल्या कपाळाखाली त्याने एक मासा कोरला, तोही उलटा. उभ्या माणसाला तो दिसतच नाही.

दर मे महिन्यात अख्खं गाव शिवेवरून फेरी काढायचं. छड्यांनी मला झोडपायचं, आणि मुलांना पाय धरून उलटं करून त्यांची डोकी माझ्यावर आपटायचं. शीव जन्मभर लक्षात राहावी म्हणून. सात वर्षांच्या हेस्टर पिनकने तर भोकाड पसरलं होतं. हातात गोड पाव पडला तेव्हा कुठे गप्प झाली.

पुढे मोटारी आल्या, फेरी बंद पडली. खाजऱ्या झुडपांनी मला पार गिळलं. कितीतरी वर्षं कुणी फिरकलं नाही. वाईट वाटायचं, पण मी जागा सोडली नाही.

मग क्राउदर नावाच्या माणसाने शेजारची शेती घेतली आणि आमच्या अर्ध्या गायरानाला तारेचं कुंपण घातलं. शीव माझ्यापाशी नाही, अलीकडे गावाच्या बाजूला जो ओढा आहे त्याच्यावरच आहे, असं तो ठासून सांगू लागला. चर्चमधला शिवेचा नकाशा ओलीने कधीच कुजला होता. गावाची सभा भरली, पण पुरावा कुणाकडेच नव्हता. तेव्हा एक्याऐंशी वर्षांची हेस्टर काठी टेकत उठली आणि तडक माझ्याकडे निघाली. गाव तिच्या मागे.

झुडपात दगड आहे एवढं दिसल्यावर क्राउदर हसला. दगड काय, कुणीही आणून पुरेल, म्हणाला. हेस्टरने कुणालाच पुढे होऊ दिलं नाही.

"त्याच्या कपाळाखाली मासा आहे, उलटा," ती म्हणाली. "सात वर्षांची असताना मला इथे उलटं धरलं, तेव्हा पाहिलाय. तुम्हीच वाकून बघा, साहेब. माझे गुडघे वाकत नाहीत."

साहेब वाकले. टोपी पडेपर्यंत वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले ते लालबुंद होऊन. आठवड्याभरात तारा निघाल्या.

पुढच्या मे महिन्यात फेरी पुन्हा निघाली. क्राउदरने आपल्या धाकट्या मुलीचे पाय स्वतः धरले आणि तिचं डोकं अगदी अलगद टेकवलं.

"एवढं हळू नको," हेस्टर म्हणाली. "विसरेल ती."

आता हेस्टर नाही. मित्रांनो, तुमच्याही गावाच्या शिवेवर माझा एखादा भाऊ झुडपात उभा असेल. त्याला रंग नको, पाटी नको. वर्षातून एकदा मुलांना घेऊन त्याच्याकडे जा. आम्ही जागचे हलणार नाही, यायचं तुम्हालाच आहे.