दोन डावे पंख

विष्णुपंतांना या विमानातून मिळण्यासारखं बरंच होतं. जानेवारीत कोयनानगरला निवृत्त कर्मचाऱ्यांचा मेळावा भरणार होता. तिथल्या मैदानावर पायपर कब बनावटीचं पिवळंधमक छोटं विमान रिमोटवर उडवलं, की त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर झालेली शोभा लोक विसरतील; गुडघ्यांच्या ऑपरेशनांखेरीज बोलायला काही न उरलेले जुने सहकारी टाळ्या वाजवतील; आणि कपाटावरचं ते धूड भंगारात घालण्याची भाषा पत्नी चारुशीलाबाई सोडतील. जायचं काय होतं? विश्रामबागेतल्या फ्लॅटमधल्या रिकाम्या दुपारी.

धूड म्हणजे बाल्सा लाकडाचा हलका सांगाडा. धड, शेपूट आणि एक पंख, डावा. उजवा कधी झालाच नव्हता.

तेव्हा ते कोयना प्रकल्पाच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. विलायती मासिकातला प्लॅन त्यांनी ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर उतरवला आणि वर्कशॉपमधल्या सोपान फिटरच्या हाती दिला. तसा हात कॉलनीत दुसरा नव्हता. शिफ्टचा भोंगा झाला की दोघं क्वार्टरच्या व्हरांड्यात बसत. भूकंपाचा धक्का बसला की हात आधी सांगाड्यावर जाई, बायकोची आठवण मागाहून. ट्रेसिंगबरहुकूम सोपानने दोन पंख केले, केसाचा फरक नाही. प्रजासत्ताकदिनी सगळ्यांसमोर जोडायला घेतले, तेव्हा कळलं की दोन्ही डावेच आहेत. दुसरा लावावा तर मागची धार पुढे येई, नाहीतर पोट वर. लोक हसले. साहेबांच्या देखत विष्णुपंत म्हणाले, "हात चांगला आहे, पण ड्रॉइंग वाचता येत नाही त्याला." सोपानने एक पंख काखेत मारला आणि तो निघून गेला.

आता मूळ प्लॅन माळ्यावरच्या पेटीत सापडला. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती: एकच पंख दाखवला आहे, दुसऱ्यासाठी कागद पालथा घाला. पंतांनी आपलं ट्रेसिंग शेजारी पसरलं. त्या कोपऱ्यात ती ओळ नव्हती. तिथे दुहेरी चौकटीत, ठसठशीत, त्यांचं स्वतःचं नाव होतं, हुद्द्यासकट.

चारुशीलाबाईंनी चष्मा लावून दोन्ही कागद पाहिले.

"नावाला जागा पुरावी म्हणून ओळ गाळलीत?"

"एवढं कुणालाही कळेल असं वाटलं तेव्हा."

"म्हणजे सोपानला कळावं, पण कागदावर असू नये."

पंतांनी गुंडाळी करायला घेतली.

उजवा पंख स्वतःच करावा, तर हाताला रेघांची सवय, लाकडाची नव्हे. पहिल्याच फासळीला ब्लेड घसरलं. सोपानला पर्याय नव्हता, आणि सोपान मेढ्याला होता. मूळ कागद घरी ठेवला असता तरी चाललं असतं, तो पाहिल्याशिवाय गाळलेली ओळ कुणाला कळली नसती. चारुशीलाबाईंच्या देखत तो नळकांड्यात घातला खरा, पण साताऱ्याला गाडी बदलेपर्यंत पंतांना त्याचा पश्चात्ताप होत राहिला.

"सोपानराव, कसे आहात?" दारातूनच त्यांनी विचारलं.

सोपानने आत बायकोला हाक दिली. "चंद्रे, पानी आन. पंत आल्यात. राव लावलाय, म्हंजे काम मोठं दिसतंय."

"पंखाचं आहे. उजव्या."

"आमाला तर डावंच येत्यात."

चंद्राबाई हसली नाही. माळ्यावरून तिने लुगड्यात गुंडाळलेलं लांबडं गाठोडं काढून पंतांसमोर ठेवलं. "जळनात घाला म्हनलं, तर ह्यांनी न्हाई घालू दिलं. लय जपलाय."

तो पंख पाहिला आणि पंतांना नळकांडं उघडावंच लागलं. दोन्ही कागद त्यांनी जमिनीवर पसरले, ओळीवर बोट ठेवलं आणि तिचा अर्थ सांगितला. सोपान बराच वेळ या कागदावरून त्या कागदावर बघत राहिला.

"म्हंजे मी बरूबर केलं हुतं."

"बरोबर केलं होतंस." 'राव' गळून पडला होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"चार्जमनच्या बढतीच्या परीक्षेला बसलं न्हाईत हे," चंद्राबाई म्हणाली. "ड्रॉइंगचा पेपर असतोय म्हनून. रिटायर हुईस्तवर लोकं 'दोन डावे' म्हनत हुती."

"माझं चुकलं, वहिनी."

"आवं, हितं मेढ्यात कोन ऐकतंय? जितं बोलला, तितं सांगा."

पंत मान खाली घालून हो म्हणाले.

"आनि रिमोट माज्या हातात," सोपान म्हणाला.

आठ दिवस पंत मेढ्यात राहिले. सोपानने मूळ प्लॅनला शेंगदाण्याचं तेल चोळलं, तशा रेघा पाठीमागे उमटल्या. कागद पालथा घालून त्याने फळीवर टाचण्या मारल्या. ट्रेसिंगकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पंत डबी धरून टाचण्या पुरवत होते. डिंकाचा वास तोच होता. भोंगा तेवढा नव्हता. पुढे महिनाभर सोपान माळावर फोमचं स्वस्त विमान पाडत आणि उडवत शिकला.

मेळाव्यात पंतांनी माईक घेतला. भाषण वहीत दोन पानांचं होतं, निघालं दोन वाक्यांचं. "ड्रॉइंग चुकलं होतं ते माझं. सोपानने बरोबर केलं होतं, आणि मी इथेच खोटं बोललो." कुणी हसलं नाही. सोपान स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मग कब उडालं. पिवळं, निवांत, मैदानाला चार फेऱ्या घालून डोंगराच्या पार्श्वभूमीवर थेट खरं वाटावं असं. पंतांचे अंगठे खिशात आपोआप हलत होते. उतरताना खोऱ्यातला वारा आडवा आला आणि पंख मुळाशी मोडला.

"कुठला?" पंतांनी विचारलं.

"डावा."

चंद्राबाईने गाठोडं सोडलं. सोपानने जपलेला दुसरा डावा पंखही पिवळा मढवून तयार होता.

"तुमचं ड्रॉइंग म्हनलं की एक जादा धरावा लागतोय, पंत."

विमान दुसऱ्यांदा उडालं. शेवटी वाटणी झाली ती अशी: टाळ्या सोपानला, रिमोट सोपानला, कपाटावरची जागा चारुशीलाबाईंना. पंतांना टाचण्यांची डबी. पण चार्जमनची खुर्ची कुठल्याच मेळाव्यात परत मिळणार नव्हती. ट्रेसिंगवरच्या चौकटीत नाव पंतांचं होतं. चुकीची भरपाई सोपानने केली होती, त्रेचाळीस वर्षं.