अकरा अटींचा कागद

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे, मित्रांनो, आणि मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे. रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं कागद बडवले. "अक्षर बघा, मोत्यांसारखं!" असं साहेब पाहुण्यांना सांगत आणि मी फुगून जाई. आता अडगळीत धूळ खात पडलोय. त्याचं काही वाटत नाही. मन खातं ते एका कागदामुळे.

१९७७ सालची गोष्ट. कामगारांसाठी सूचना लिहायला माणूस नेमायचा होता. खरं तर ते काम गोदामातली भागी न सांगता करतच होती. कुंडलिका नदीकाठच्या वाडीतली ती, शिकून मॅट्रिक झालेली. ॲसिड पातळ करायच्या टाकीवर तिनेच पुठ्ठा लावला होता: 'आधी पाणी घे. मग त्यात ॲसिड थोडं थोडं सोड. उलटं केलंस तर अंगावर उडेल.'

कचेरीतल्या दिनानाथांनी जाहिरातीत चार अटी घातल्या. मग कागद सह्यांसाठी सात खात्यांत फिरला. नुसती सही करणं म्हणजे कमीपणा! प्रत्येक साहेबाने आपली एक अट वाढवली. विज्ञानाची पदवी आली, पुस्तिका लिहिण्याचा पाच वर्षांचा अनुभव आला, मोटारसायकलचा परवानासुद्धा आला. कामगाराला कळेल असं लिहिता यावं, हे मात्र एकालाही सुचलं नाही.

भागी अर्ज घेऊन आली.

"अकरातल्या दोनच अटी बसतात गो तुला," दिनानाथ म्हणाले.

"पन माझं लिवलेलं सगळ्यांना कळतं, त्याचं काय?"

"त्याला रकाना नाय."

एरवी माझ्या कळा दिवसातून दहादा अडकत. ती जाहिरात छापताना एकही अडकली नाही. कशी अडकणार? मी अक्षर मिरवण्यात दंग होतो.

अकरा अटींचा माणूस मिळाला. त्याने टाकीवरची तीच सूचना अशी लिहिली: 'विरलीकरणप्रसंगी जलामध्ये संहत आम्लाचे क्रमशः संमिश्रण करावे.' तेही मीच ठसठशीत उमटवलं. भागीचा पुठ्ठा काढून टाकला गेला. महिन्याभरात नवा लागलेला दामू, दोन लेकींचा बाप, टाकीपाशी गेला. त्याने ती ओळ दोनदा वाचली, विचारायला लाजला आणि ॲसिडमध्ये पाणी ओतलं. त्याचा उजवा डोळा गेला.

दिनानाथांनी मग नवी जाहिरात लिहिली. ती कुठल्याही खात्यात फिरवली नाही. अट एकच होती, लिहिलेलं वाचून कामगाराला काम बिनचूक करता यावं. तीन उमेदवारांचे कागद तपासायला त्यांनी दामूलाच बसवलं.

"ह्यो कळला," एक कागद उचलून दामू म्हणाला. "कोनी लिवला?"

"भागीने."

"मंग तिला आधी का नाय घेतलीत?"

दिनानाथांनी मान खाली घातली. मला तर मानही नव्हती.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कामाला माणसं निवडाल. अटी घाला, नेमक्या घाला, पण प्रत्येक अटीला विचारा, ही नसली तर काय अडेल? ज्या अटीवाचून कुणाचा डोळा जाईल, ती सगळ्यांत वर लिहा. आमच्या कागदावर ती नव्हती.