तुळजक्काने वर लावलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पण मला शाळेतला समजून उगाच हात जोडू नका. खडूची धूळ मला माहीत नाही आणि पाढेही मी कधी ऐकले नाहीत. मी ऑफिसातला, चाकांवर ढकलत न्यायचा फळा. माझ्या अंगावर लिहिलेलं सगळं आजवर पुसलं गेलं. एक चिठ्ठी मात्र काही केल्या मनातून जात नाही. तिची हकिकत सांगतो. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म बेंगळुरूतल्या एका कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं मी बसवनगुडीत एका विमा कचेरीत उभा होतो. तिथे माझ्यावर फक्त सुट्ट्यांची यादी असायची. कचेरी बंद पडली आणि मारतहळ्ळीच्या एका नव्या कंपनीने मला उचललं. तिथे माझं नशीब उघडलं म्हणा ना! पहिल्याच दिवशी अभिमन्यू नावाच्या पुण्याच्या प्रॉडक्ट मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "हा फळा म्हणजे आपल्या टीमचं डोकं आहे." मी असा फुललो की विचारू नका. आता त्या फुलण्याची लाज वाटते.

कंपनी हजेरीचं ॲप बनवत होती. ज्यांच्याकडे झाडलोट करणारी माणसं कामाला असतात, अशा कंत्राटदारांना ते विकायचं होतं. अभिमन्यूचा सगळा विश्वास डिझाइन थिंकिंगवर. त्याने ते पाच ओळींत माझ्यावर लिहूनच ठेवलं होतं. आधी माणूस समजून घ्या. मग त्याची अडचण नेमकी पकडा. मग उपाय सुचवा, पुठ्ठ्याचा नमुना करा आणि त्याच माणसावर तपासून बघा. शिवाय दोन नियम. एकाच गोष्टीच्या मुळाशी जायला पाच वेळा 'का' विचारायचं. आणि माणूस बोलेल ते नावासकट पिवळ्या चिठ्ठीवर लिहून माझ्या अंगावर चिकटवायचं. किती छान वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं होतं.

त्या ऑफिसात तुळजक्का झाडलोट करायची. पन्नाशीची बाई, राहायला के. आर. पुरमला. तिचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून इकडे आलेले, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी कन्नड. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायची आणि पुसता पुसता म्हणायची, "काय रे पांढऱ्या, आज कुणी कुणी खरडलं तुला? थांब स्वल्प, नीट करते." चिठ्ठ्यांना मात्र ती हात लावायची नाही. गळून पडलेली प्रत्येक चिठ्ठी उचलून पुन्हा चिकटवायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण त्या ऑफिसात माझी खरी काळजी घेतली ती तिनेच.

एका सोमवारी क्षमाने तिला माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. क्षमा म्हणजे माणसांशी बोलून माहिती गोळा करणारी मुलगी, बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातली, स्वभावाने चांगली. चांगली म्हणूनच तर तुळजक्का तिच्याशी बोलली!

"अक्का, सकाळी सातला हजेरीच्या मशीनपाशी तुम्ही इतका वेळ का थांबता?" क्षमाने विचारलं.

"कार्ड दोनदा लावायचं असतं नव्हं."

"दोनदा का?"

तुळजक्काने पदर सारखा केला. "एक माझं. एक सौम्याचं."

सौम्या तिच्याच जोडीला काम करणारी. क्षमाने आवाज हळू केला. "तिचं तुम्ही का लावता?"

"ती आठला येते म्हणून."

"आठला का, अक्का?"

"तिच्या पोरीला फीट येते गं. शाळेची गाडी साडेसातला येते, तोवर पोरीला एकटं कसं सोडायचं? तिचा एक तास मी झाडते. काम काही राहत नाही, बघ तू."

"मग कंत्राटदारांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर काढून टाकतात. तू सांग ना तुझ्या साहेबाला. तिला आठची पाळी मिळू दे, एवढंच. पण कार्डाचं कुणाला बोलू नको हं, मगळे." मगळे म्हणजे लेकी. लेक म्हणाली ती तिला!

"सरी अक्का, नाही बोलत," क्षमा म्हणाली. "तुमची अडचण मी फळ्यावर मांडते. साहेब वाचतील."

पाच 'का' पुरे झाले होते. तुळजक्का गेल्यावर क्षमाने इंग्रजीत दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर, 'सकाळची पाळी आठला हवी.' ती वर लावली. दुसरीवर, 'सौम्याचं कार्ड तुळजक्का लावते.' ती हातात धरून बराच वेळ उभी राहिली. फाडायची होती ना? फाडून टाकायची होती! पण नियम आड आला. शेवटी तिने ती माझ्या अगदी तळाच्या कोपऱ्यात, टोकाला जेमतेम चिकटवली आणि घरी गेली. चिठ्ठी आपोआप पडली तर बरं, असं तिच्या मनात असावं. स्वतः पाप करायचं नाही आणि पुण्यही करायचं नाही, अशी ती चांगली माणसं.

आणि चिठ्ठी पडली हो! सकाळी तुळजक्का आली तेव्हा ती फरशीवर होती. मी मनात म्हटलं, झाड, बाई, केरात जाऊ दे. तुळजक्काने ती उचलली आणि थबकली. इंग्रजी येत नसलं तरी गळ्यातल्या कार्डावरचं स्वतःचं नाव तिला ओळखता येत होतं. सौम्याचं कार्डही रोज हाताखालून जायचं. तिने दोन्ही कार्डं चिठ्ठीला लावून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. तिची आणि सौम्याची नावं! तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"पोरीने शब्द पाळला बघ," ती मला म्हणाली. "पण एवढ्या खाली कोण वाचणार? वेडी कुठली."

तिने चिकटपट्टी आणली आणि आठच्या पाळीची ती बिननावाची चिठ्ठी बाजूला सरकवून ही अगदी मधोमध, अभिमन्यूच्या डोळ्यांसमोर येईल अशी लावली. वरून दोनदा हात फिरवून घट्ट केली. मी ओरडू शकलो असतो तर! चाकं असून मला एक वीत मागे सरकता आलं नाही.

दहाला बैठक भरली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून कंत्राटदार रत्नाकरही आला होता. तुळजक्का आणि सौम्या त्याच्याच पगारावर. प्रत्येकाने महत्त्वाच्या वाटणाऱ्या चिठ्ठीवर लाल ठिपका लावायचा होता. रत्नाकरने मधली चिठ्ठी वाचली, नावं पुन्हा वाचली. "हेच माझं दुखणं आहे," तो म्हणाला. सात ठिपके तिला पडले. आठच्या पाळीला एक पडला, क्षमाचा.

"पण पाळीच बदलली तर—" क्षमा बोलू लागली.

"क्षमा, लगेच उपायावर उडी मारायची नाही," अभिमन्यू हसून म्हणाला. "आपली पद्धत माहितीये ना?"

क्षमा खाली बसली. माणूस समजून घ्यायची पद्धत ती! आणि उपाय ठरायला दहा मिनिटं पुरली. कार्ड बंद, चेहरा ओळखणारा कॅमेरा सुरू.

पुठ्ठ्याचा नमुना तपासला तोही तुळजक्कावरच. ती पुठ्ठ्याच्या भोकासमोर मान वर करून हसत उभी राहिली. "हे झालं की सौम्याचं काम होणार ना, मगळे?" क्षमा पुठ्ठ्याची कड सरळ करत राहिली. रत्नाकरने त्या दिवशी कुणाला काढलं नाही. कॅमेरा येईपर्यंत त्याला झाडायला माणसं हवी होती.

महिन्याभराने कॅमेरा बसला. सौम्या तीन दिवस सातला आली. पोरीला, शाळेची गाडी येते त्या गेटजवळच्या कट्ट्यावर एकटीला बसवून. चौथ्या दिवशी गाडी यायच्या आधी पोरीला फीट आली. ती कट्ट्यावरून तोंडावर आपटली. पुढचे दोन दात गेले, ओठ फाटला. रस्त्यावरची माणसं मोबाइल काढून उभी होती. सौम्या पुन्हा कामावर आली नाही. त्याच आठवड्यात रत्नाकरने तुळजक्कालाही काढलं. दुसऱ्याचं कार्ड लावलं म्हणून. अभिमन्यू म्हणाला, "मी कुणाला काढायला सांगितलं नव्हतं. आपण फक्त प्रॉडक्ट बनवतो." आणि माझा फोटो काढून त्याने तो भाषणात लावला. भाषणाचा विषय होता, 'आम्ही ऐकायला शिकलो.'

शेवटच्या सकाळीही तुळजक्काने मला पुसलं. मेल्या, तुला पुसून माझं काय भलं झालं, असं तिने म्हणायला हवं होतं. तिने माझे कोपरेही पुसून काढले. क्षमा आली तेव्हा तिने फडकं पिळून ठेवलं.

"मगळे, तुझी चिठ्ठी पडली होती. मीच उचलून वर लावली गं. साहेबांनी वाचली नाही का?"

क्षमाने मान खाली घातली. "वाचली, अक्का."

"मग असं कसं झालं?"

 शेवटी तुळजक्कानेच क्षमाच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. तू तुझ्यापरीने केलंस."

मित्रांनो, आता मी जिन्याखाली पडून आहे. मला पुसायला कुणी येत नाही, त्याचं दुःख नाही. तुम्ही मोठे व्हाल, माणसांसाठी वस्तू बनवाल, त्यांना हजार प्रश्न विचाराल. जरूर विचारा. पण कुणाच्या पोटातलं काढून घेण्याआधी, ते कुणाच्या हातात जाणार आहे ते त्याला सांगा. आणि ते झाकायचं वचन दिलंत तर चिठ्ठी स्वतः फाडा. ती पडायची वाट बघू नका.