तारीख विचारणारा प्रोग्राम

अनिताने मेन स्विचवर हात ठेवला, तसा तिचा दीर अविराज कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतून ताडकन उठला.

"वहिनी, मशीन जळंल हां!"

"शेळगावात रोज लाईट जाते, भाऊजी. अजून तरी जळलं नाही."

"काय ते एकदाचं ठरवा," बाजेवर बसलेले मोहनराव, तिचे सासरे, म्हणाले. "फुकटचे हायत म्हनून काय दोन दोन ठेवायचे?"

हिशोबाचे दोन्ही प्रोग्राम फुकटचेच होते. बारामतीत नुकत्याच निघालेल्या इंटरनेटच्या दुकानात बसून अविराजने ते फ्लॉप्यांवर उतरवून आणले होते. एक रंगीत, महिन्याचा जमाखर्च भाकरीसारखा कापून दाखवायचा. दुसरा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा; प्रत्येक नोंदीला आधी तारीख विचारायचा. "येडं हाय ते," म्हणत अविराजने रंगीत पसंत केला आणि सोमवारपासून रोपवाटिकेची वही बंदच करून टाकली.

ती वही अनिता लिहायची, बी.एस्सी. होऊन या घरात आल्यापासून. शेतकऱ्याने विसार दिला की दुसऱ्या दिवशी त्याचं बी ट्रेमध्ये टोचायचं, महिन्याभराने रोपं गाडीत चढवायची. तारीख हुकली तर ट्रॅक्टर दारात आणि ट्रे रिकामे.

"नोंद अर्धी असताना लाईट गेली, तर मागचं शाबूत राहतं का, एवढंच बघायचंय," ती म्हणाली. "राहिलं तर हिशोब तुमचा. मी परत हात लावणार नाही."

"ऐकलं न्हवं, दादा?" अविराज वडिलांकडे वळला. "शब्द हाय वहिनीचा."

"ऐकलं." मोहनराव सुनेकडे बघत राहिले.

अविराजने गंमत म्हणून शेडमध्ये कामाला येणाऱ्या सरुबाईच्या नावाने मिरचीची एक नोंद भरून सेव्ह केली. दुसरी अर्ध्यावर आली आणि अनिताने स्विच खाली ओढला. पडदा काळा झाला. पंखा गरगरत थांबला.

तिने स्विच वर केला. मशीन सुरू व्हायला वेळ लागला. मग रंगीत पडदा उघडला. अविराजने चालू महिना निवडला; नोंदी ओळीने उभ्या होत्या.

अविराजने मांडीवर थाप मारली. "झालं समाधान? जावा आता ट्रे धुवायला!"

अनिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मान्य," ती म्हणाली. प्रयोग आपल्या विरुद्ध गेला तरी निकाल तोच लिहायचा असतो.

"पर सरुबाईची मिरची कुठाय?" मोहनरावांनी विचारलं.

ती यादीत नव्हती.

"गेली आसंल एखादी."

"सेव्ह केली होती तुम्ही. सगळी यादी काढा, पहिल्यापासून."

सरुबाई सगळ्यात वर निघाली. तारीख १-१-१९८०. त्याच तारखेखाली आणखी नावं होती, सोमवारपासून आलेली सगळीच.

अनिताला उलगडा झाला. जुनं मशीन, आतला सेल मेलेला. वीज गेली की त्याचं घड्याळ मागे जाऊन एकोणीस वर्षांपूर्वीपासून चालू लागायचं. वहीतल्या जुन्या तारखा अविराजने हाताने भरल्या होत्या. नव्या नोंदींच्या तारखा मशीनने आपल्या मनाने घातल्या.

"तारीख सोताच घालतंय, कवतिक सांगत हुतास की रं," मोहनराव उठून जवळ आले आणि एका नावावर बोट ठेवलं. "ह्ये कोण?"

"कोऱ्हाळ्याचे हिंदुराव. ढोबळी मिरची, दोन एकर," अनिताने वाचून दाखवलं.

"त्येंचं बी टोचलं का?" मोहनरावांनी अविराजला विचारलं.

सकाळची बी टोचायची यादी या महिन्याच्या नोंदींवरून निघायची, आणि तीत हिंदुराव नव्हते. अनिताने ती स्वतः शेडमध्ये वाचून दाखवली होती.

"न्हाय," अविराज म्हणाला.

"बायका अजून शेडमध्येच आहेत. या सगळ्यांचं बी आज टोचून घेऊ," अनिता म्हणाली. "पण रोपं उशिरा मिळणार, हे सगळ्यांना आत्ताच सांगायला हवं. आधी हिंदुरावांना."

अविराजने नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली, तसा त्याने रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"वहिनी, तुमीच बोला की. मला शिव्या घालत्याल."

"विसार तुम्ही घेतला होता."

मोहनरावांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. अनिताने काळा प्रोग्राम उघडला. त्याने तारीख विचारली. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि मागे अविराजचा पडेल आवाज ऐकू आला, "हॅलो... हिंदुतात्या हायत का?"